चिकणमाती, बर्फ आणि उताराचं अंगण: टोरंटो परिसरात संरक्षक भिंत कशी बांधावी

ब्रॅम्प्टन, मिल्टन, ओकव्हिल, मिसिसागा या पट्ट्यात घर घेतलं आणि मागचं अंगण उताराचं निघालं, की भिंत घालून जागा सपाट करायचा विचार येतोच. हा लेख अशा घरमालकांसाठी आहे: भिंत मीटरभराच्या आत, मागे चिकणमाती, आणि दर हिवाळ्यात गोठणारी जमीन.

महाराष्ट्रात आपण पाहिलेल्या संरक्षक भिंती बहुतेक काळ्या दगडाच्या, सिमेंटमध्ये बांधलेल्या, पाणी जायला भोकं ठेवलेल्या. त्यांना पाऊस सोसावा लागतो, गोठण नाही. तीच पद्धत इथे उथळ पायावर वापरली तर काही हिवाळ्यांत सांधे फुटतात आणि भिंत पुढे झुकते. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त नुकसान दुसऱ्याच गोष्टीने होतं. जमीन वरून गोठत जाते तशी बारीक कणांची माती खालचं पाणी गोठण्याच्या सीमेकडे ओढत राहते, आणि तिथे बर्फाचे पातळ पापुद्रे साठत जातात. थंडी भिंतीच्या वरून येते आणि समोरच्या बाजूनेही येते, त्यामुळे भिंतीमागची ओली चिकणमाती तिला आडवी ढकलते. वसंतात बर्फ वितळतो, पण पुढे सरकलेली भिंत मागे येत नाही.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: भिंतीला टेकून चिकणमाती नको आणि मागे पाणी थांबायला नको. दर्शनी दगड कुठला, रंग कुठला, हे त्यानंतर.

## १. माती आणि पाणी तपासा

मूठभर ओली माती घेऊन अंगठा आणि बोटामध्ये दाबत पट्टी काढा. न तुटता ५ सेंटीमीटरच्या आसपास पट्टी निघाली तर माती चिकण आहे. मिल्टन-ओकव्हिलकडे ती लालसर असते, कॅलेडनच्या चेल्टनहॅम बॅडलँड्समध्ये उघडा दिसतो त्याच लाल शेल खडकाची. ब्रॅम्प्टनकडे बहुधा राखाडी-तपकिरी, हिमनद्यांनी आणून टाकलेली.

भिंतीच्या जागी ३०० मिमी खोल खड्डा करून संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळीही त्यात पाणी असेल तर जमीन तुम्हाला कसलीही मदत करणार नाही; आत शिरलेलं सगळं पाणी पाईपनेच बाहेर काढावं लागेल.

मग जोराच्या पावसात अंगणात उभं राहून पाणी कुठून येतं ते बघा. छपराच्या पन्हळीचं तोंड उताराच्या वर सुटत असेल तर ते आधी वळवा. टोरंटो शहरात पन्हळी गटारातून तोडून अंगणात सोडणं बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे हे हमखास दिसतं.

## २. भिंतीचा प्रकार ठरवा

ओतीव काँक्रीटची भिंत ताठ असते. तिचा पाया गोठणरेषेखाली (हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीखाली), या भागात साधारण १.२ मीटर खोल, न्यावा लागतो. खर्च आणि खोदाई दोन्ही मोठी. दाबप्रक्रिया केलेल्या लाकडाची भिंत स्वस्त पडते, पण ओल्या चिकणमातीत तिचं आयुष्य मर्यादित असतं.

स्वतः बांधायची असेल तर सिमेंटशिवाय एकावर एक रचायचे, ओठाने किंवा पिनेने एकमेकांत अडकणारे काँक्रीटचे ठोकळे घ्या. असली भिंत हिवाळ्यात किंचित हलली तरी तडकत नाही, म्हणून तिला १.२ मीटर खोल पाया लागत नाही. दाबलेल्या खडीची गादी पुरते. ठोकळे एएसटीएम सी१३७२ या मानकाचे आहेत का, हे विक्रेत्याला विचारा. बागेच्या वाफ्याच्या कडेला लावायचे हलके, स्वस्त ठोकळे दिसायला सारखेच असतात. ते या कामाचे नाहीत.

उंची विभागून दोन टप्प्यांत भिंती घालणार असाल, तर वरची भिंत खालचीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मागे हवी. जवळ घेतली तर वरच्या भिंतीचा भार खालचीवर येतो आणि दोन्ही मिळून एकच उंच भिंत ठरते.

## ३. कागदपत्रं आणि परवानग्या

हाताशी ठेवा:

- सर्व्हेयरचा प्लॉटचा नकाशा: हद्द आणि इझमेंट (तुमच्या जागेतला, पण दुसऱ्यांना वापराचा हक्क असलेला पट्टा) त्यावर दिसतात
- वसाहतीचा ग्रेडिंग प्लॅन (जमिनीचे उतार आणि पाण्याची वाट दाखवणारा नकाशा): बिल्डरकडे किंवा नगरपालिकेकडे मिळतो
- ठोकळे बनवणाऱ्या कंपनीचा उंची आणि जिओग्रिडचा (भिंत धरून ठेवायला मागच्या भरावात आडवी घालायच्या जाळीचा) तक्ता
- भूमिगत वाहिन्यांच्या खुणांचे कागद (पुढची पायरी)
- भिंत हद्दीजवळ असेल तर शेजाऱ्यांची लेखी संमती

ओंटारियो बिल्डिंग कोडनुसार भिंतीची दिसणारी उंची १,००० मिमीपेक्षा जास्त असेल, आणि ती सार्वजनिक जागेला, इमारतीत जाण्याच्या वाटेला किंवा लोकांना प्रवेश असलेल्या खाजगी जागेला लागून असेल, तर परवाना लागतो. ही झाली प्रांताची अट. नगरपालिकांचे हद्दीपासूनच्या अंतराचे आणि जमिनीच्या उतारात बदल करण्याचे नियम वेगळे असतात, म्हणून भिंत बुटकी असली तरी एक फोन कराच. मागे ओढा, दरी किंवा जंगलपट्टा असेल तर स्थानिक कन्झर्वेशन ऑथॉरिटीलाही (ओढे, दऱ्या, पूरक्षेत्रं सांभाळणाऱ्या संस्थेलाही) विचारा. त्यांच्या नियंत्रित क्षेत्रात साधा भराव टाकायलाही परवानगी लागू शकते.

नवख्यांना महागात पडणारी चूक म्हणजे दोन घरांमधली उथळ पन्हळ, म्हणजे स्वेल, बुजवणं. ती निरुपयोगी खोलगट जागा वाटते, पण कित्येक घरांचं पाणी तिच्यातून जातं. ती अडवली की पाणी शेजाऱ्याच्या तळघरात शिरतं, आणि पालिका तुमच्या खर्चाने भिंत काढायला लावू शकते. नव्या घराची टॅरियन वॉरंटी चालू असेल तर हेही लक्षात ठेवा, की घरमालकाने केलेल्या बदलांमुळे झालेलं नुकसान तिच्यात बसत नाही.

इंजिनियर कधी घ्यायचा? भिंत मीटरपेक्षा उंच असेल, वर गाडी, शेड किंवा जलतरण तलाव येणार असेल, भिंतीच्या वरही जमीन चढतच असेल, किंवा उतार आधीच सरकत असल्याची चिन्हं (वाकलेली झाडं, जमिनीत अर्धगोल भेगा) दिसत असतील, तर.

## ४. कुदळ मारण्याआधी ओंटारियो वन कॉल

खोदण्याआधी ओंटारियो वन कॉलकडे (भूमिगत वाहिन्यांच्या खुणा करवून देणाऱ्या सेवेकडे) नोंद करणं कायद्याने आवश्यक आहे, आणि ते मोफत आहे. निदान आठवडाभर आधी नोंद करा. उन्हाळ्यात गर्दी असते, तेव्हा आणखी आधी. कर्मचारी येऊन रंगाने खुणा करतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारंगी फोन-इंटरनेट, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. खुणेच्या दोन्ही बाजूंना एक मीटरपर्यंत फक्त हाताने खोदा.

गॅस-विजेच्या मीटरच्या पुढच्या तुमच्या खाजगी वाहिन्या, म्हणजे बार्बेक्यूची गॅस लाईन, शेडची वीज, बागेच्या फवाऱ्यांचे पाईप, यांच्या खुणा बहुधा कुणी करत नाही. त्या शोधायची जबाबदारी तुमची. आधीच्या मालकाने काय काय पुरलं असेल याचा भरवसा धरू नका.

## ५. सामानाचा हिशोब

उदाहरणाला ९ मीटर लांबीची भिंत घेऊ. ठोकळा २०० मिमी उंच, ४५० मिमी लांब, ३०० मिमी खोल, पोकळ, वजन सुमारे ३५ किलो. एक थर जमिनीत, चार थर वर, त्यावर ७५ मिमीची टोपी, म्हणजे माथ्याचे सपाट ठोकळे. दिसणारी उंची ८७५ मिमी.

- ठोकळे: एका थराला २०, पाच थरांना १००, कापण्या-फुटण्यासाठी ५ जास्त
- पायासाठी ग्रॅन्युलर ए, म्हणजे चुऱ्यासकट फोडलेली खडी: ९.६ × ०.६ × ०.२ मीटर, दाबून सुमारे १.१५ घनमीटर, म्हणजे अडीच टन
- १९ मिमीची धुतलेली खडी, चुरा नसलेली: भिंतीमागे ३०० मिमी रुंद पट्टा आणि ठोकळ्यांच्या पोकळ्या मिळून सुमारे ३.३ घनमीटर, म्हणजे पाच टन
- त्यामागच्या भरावासाठी ग्रॅन्युलर बी, म्हणजे वाळू-खडीचं मिश्रण: सुमारे ४.३ घनमीटर, ९ टनांच्या आसपास
- १०० मिमी व्यासाचा छिद्रांचा पाईप: ९ मीटर, आणि बाहेर काढायला बिनछिद्रांचा ३-४ मीटर
- न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं): २५ ते ३० चौरस मीटर
- जिओग्रिड: १.२ मीटर लांबीचे दोन थर, सुमारे २२ चौरस मीटर
- टोपीसाठी बाहेरच्या कामाचा काँक्रीट चिकटवणारा गोंद

दुकानात काळं, पातळ, तण रोखायचं कापड मिळतं. ते घेऊ नका. ते फाटतं किंवा चिकणमातीने गच्च होतं. नमद्यासारखं जाड, न विणलेलं कापडच मागा.

हत्यारं: प्लेट कंपॅक्टर (खडी-माती दाबायचं यंत्र, भाड्याने मिळतं), हाताची धुम्मस, रबरी हातोडा, १.२ मीटरची पाणसळ, दोरी आणि खुंट्या, शक्य असेल तर लेझर लेव्हल, हिऱ्याचं पातं असलेली करवत. ठोकळे कापताना पाणी मारा आणि चांगला मास्क लावा. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते ती बाहेर निघत नाही.

सामान मागवण्याआधी घराच्या बाजूची वाट मोजा. बऱ्याच नव्या वसाहतींत ती मीटरभराचीच असते, आणि मग सोळा-सतरा टन खडी घमेल्या-हातगाड्यांनी मागे न्यावी लागते. छोटं खोदायचं यंत्र आत जातं का, हेही तेव्हाच कळेल. खोदलेली माती सुमारे १० घनमीटर निघेल आणि मोकळी झाल्यावर १३-१४ घनमीटर भरेल. मातीसाठी मागवलेल्या बिनमध्ये (माती वाहून न्यायच्या मोठ्या पेटीत) गवत, मुळं, विटा मिसळल्या की दर वाढतो.

## ६. खोदाई

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिलमध्ये चिकणमाती चिखल असते, नोव्हेंबरात रात्री गोठायला लागते. गोठलेल्या जमिनीवर पाया घालणं किंवा गोठलेली ढेकळं भरावात टाकणं, दोन्ही टाळा. वितळल्यावर ती खचतात.

सर्वांत खालच्या जागेपासून सुरुवात करा. पायाचा चर ६०० मिमी रुंद आणि ४०० मिमी खोल: २०० मिमी खडी, २०० मिमी पुरलेला थर. पुरलेला भाग भिंतीच्या उंचीच्या निदान एक दशांश आणि कमीत कमी १५० मिमी हवा. उतारावर लांबीतही चढ असेल तर चराचा तळ तिरका ठेवू नका. एकेका ठोकळ्याच्या उंचीच्या पायऱ्या करा.

भिंतीमागे दर्शनी बाजूपासून १.३ मीटरपर्यंत खोदा, म्हणजे जिओग्रिडला जागा होईल. खणलेली चिकणमातीची उभी कड दोन दिवस ताठ उभी राहते आणि पावसानंतर एका क्षणात ढासळते, म्हणून तिला मागे उतार द्या. १.२ मीटरपेक्षा खोल जायची वेळ आली तर आधार दिल्याशिवाय कुणीही चरात उतरू नये.

तळाशी चिकणमाती मऊ लागली, टाचेने दाबल्यावर रुतली, तर ती काढून आणखी १००-१५० मिमी खडी घाला. पाऊस येणार असेल तर उघडा चर ताडपत्रीने झाका. एकदा चिखल झालेला तळ कंपॅक्टरने नीट होत नाही, उलट जास्त मळला जातो.

## ७. पाया

तळावर आणि चराच्या दोन्ही कडांना जिओटेक्स्टाईल अंथरा, नाहीतर खडी हळूहळू चिकणमातीत रुतते. मागच्या बाजूला कापड लांब सोडा. ते पुढे खडीमागून वर घ्यायचं आहे.

ग्रॅन्युलर ए १०० मिमीच्या दोन थरांत टाका. प्रत्येक थर किंचित ओला करून कंपॅक्टरच्या तीन-चार फेऱ्या द्या. बुटाच्या टाचेचा ठसा उमटला नाही की दबाई झाली. वाळू किंवा चुनखडीची पूड पायात नको: दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि गोठल्यावर उचलतात. पातळी जुळवायला वर वाळूचा पातळ थर पसरतात, तोही नको.

## ८. पहिला थर

इथे घाई करू नका. अर्धा दिवस गेला तरी चालेल, पूर्ण दिवस गेला तरी चालेल. पहिल्या थरातली ३ मिमीची चूक पाचव्या थरात डोळ्यांना दिसते.

दोरी ठोकळ्याच्या मागच्या सरळ कडेला धरून लावा. दर्शनी बाजू खडबडीत असल्याने तिच्यावर दोरी खरी बसत नाही. प्रत्येक ठोकळा लांबीत आणि खोलीत, दोन्ही दिशांनी पाणसळीत आणा. उंच राहिला तर रबरी हातोड्याने ठोका. खाली गेला तर उचलून खडी भरून पुन्हा दाबा, खाली चिप्पी सरकवू नका. थर पूर्ण झाला की पोकळ्या धुतलेल्या खडीने भरा आणि समोरच्या बाजूने लगेच माती दाबून घ्या, म्हणजे पुढच्या कामात ठोकळे सरकणार नाहीत.

ठोकळ्यांच्या ओठामुळे प्रत्येक थर वीसेक मिमी मागे जातो, म्हणून भिंतीचा माथा पायापेक्षा ८०-१०० मिमी मागे येतो. हद्दीपासून अंतर मोजताना आणि कोपरे आखताना हे धरा.

## ९. पाईप आणि खडी

जमिनीवर दिसणाऱ्या पहिल्या थराच्या मागे, समोरच्या जमिनीपेक्षा खाली न जाता, छिद्रांचा पाईप ठेवा. ढाळ मीटरला निदान १० मिमी, जमल्यास २० मिमी. पाईपमध्ये झोल राहिला की तिथे पाणी साचतं, गोठतं आणि पाईप वसंतापर्यंत बंद. नेमकं बर्फ वितळताना पाणी सर्वांत जास्त असतं, आणि तेव्हाच पाईप बंद असतो.

पाईपचं तोंड उघड्यावर निघालं पाहिजे: भिंतीच्या टोकाला किंवा भिंतीतून पुढे, स्वतःच्याच जागेत. फुटपाथवर काढू नका, तिथे बर्फाची काच होते आणि माणसं घसरतात. शेजाऱ्याकडे किंवा सांडपाण्याच्या गटारात तर नाहीच. शक्य असेल तर तोंड ऊन लागणाऱ्या बाजूला ठेवा, आणि उंदीर-चिपमंक शिरू नयेत म्हणून जाळी बसवा. भिंत १५ मीटरपेक्षा लांब असेल तर दोन तोंडं काढा.

पाईपभोवती आणि भिंतीमागे ३०० मिमी रुंदीत धुतलेली खडी भरा. खडी आणि तिच्यामागचा भराव यांच्यामध्ये कापड हवं. कापड ठोकळ्यांना चिकटवून लावलेलं अनेकदा दिसतं, ते चूक आहे. मग खडीत माती उतरते आणि निचरा संपतो.

## १०. वरचे थर, जिओग्रिड, भराव

दर थराला ठोकळ्याचा वरचा भाग झाडून घ्या. एक खडा राहिला तरी वरचा ठोकळा डुगडुगतो. सांधे अर्ध्या ठोकळ्याने चुकवा.

मीटरभर उंचीची भिंत चांगल्या वालुकामय जमिनीत नुसत्या वजनावर उभी राहू शकते. चिकणमातीत तसं धरून चालू नका. जिओग्रिडची लांबी भिंतीच्या पूर्ण उंचीच्या निदान ६० टक्के आणि कमीत कमी १.२ मीटर, दर्शनी बाजूपासून मोजून. कंपनीचा तक्ता चिकणमातीसाठी जास्त सांगत असेल तर तक्ता ऐका. या भिंतीत दुसऱ्या आणि चौथ्या थरावर एकेक थर पुरतो.

जिओग्रिडची ताकद एकाच दिशेत जास्त असते, सहसा गुंडाळीच्या लांबीच्या दिशेत. ती दिशा भिंतीकडून उताराच्या आत गेली पाहिजे. सोपं पडतं म्हणून गुंडाळी भिंतीच्या लांबीने उलगडली तर बहुतेक जाळ्यांची कमकुवत बाजू भाराला येते, आणि पैसे घालूनही भिंत पुढे येते. ठोकळ्यावर जाळी पुढपर्यंत आणा, वरचा ठोकळा बसवा, मागून ताणून खुंट्यांनी धरा, मग भराव टाका.

भराव १५० ते २०० मिमीच्या थरांनी, प्रत्येक थर दाबून. खोदून काढलेली चिकणमाती परत आत घालायचा मोह होतो, कारण ती फुकट असते आणि नेऊन टाकायला पैसे पडतात. पण तसं केलं तर भिंतीला टेकून तीच माती परत येते. भिंतीपासून एक मीटरच्या आत जड यंत्र आणू नका. हलका कंपॅक्टर किंवा धुम्मस वापरा, आणि भिंतीकडून मागे जात दाबा.

## ११. माथा बंद करणं

खडीच्या वर कापड दुमडून घ्या. त्यावर २०० मिमी माती. इथे मात्र चिकणमाती कामाची आहे: दाबून बसवली तर पावसाचं पाणी आत शिरू देत नाही. तिच्यावर बागेची माती आणि गवत. जमिनीला भिंतीपासून मागे हलका ढाळ देऊन तिथे उथळ पन्हळ काढा, म्हणजे उतारावरून येणारं पाणी भिंतीच्या मागे न उतरता बाजूने निघून जाईल.

टोपी कोरड्या, धूळ झाडलेल्या पृष्ठभागावर गोंदाने चिकटवा, गोंदाच्या वेष्टनावर दिलेल्या तापमानातच. ऑक्टोबरच्या थंड सकाळी लावलेली टोपी पुढच्या वर्षी हातात येते.

कुंपणाचे खांब भिंतीपासून निदान ९०० मिमी मागे घ्या. वाऱ्याचा सगळा जोर खांबातून जमिनीत येतो. वर बसायची जागा किंवा पायवाट असेल, आणि खाली ६०० मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर कठडा लागतो.

## १२. पहिला हिवाळा

नोव्हेंबरात पाईपच्या तोंडातली पानं काढा. नळी लावून वरून पाणी सोडा आणि तोंडातून ते येतं का बघा. फावड्याने काढलेला बर्फ माथ्यावर रचू नका, मीठ मिसळलेला तर मुळीच नको: त्याचा भारही येतो आणि खारं पाणी गोठून-वितळून काँक्रीटचे पापुद्रे काढतं.

मार्चअखेर ते एप्रिलमध्ये ओळंबा आणि दोरी लावून भिंत तपासा. थोडी हालचाल या रचनेत अपेक्षित असते. पण मधला भाग फुगलेला दिसला, सांधे २०-२५ मिमी उघडले, किंवा बर्फ वितळत असूनही पाईप कोरडा आणि भिंतीचा दर्शनी भाग ओला राहिला, तर पाणी मागे अडलेलं आहे. तेव्हा फटीत सिमेंट भरू नका, त्याने उरलेली वाटही बंद होते. आधी पाईपचं तोंड मोकळं करा. मग पाणी सोडून पुन्हा बघा, आणि तरीही आलं नाही तर जमीन सुकल्यावर, जूनमध्ये, त्या भागाच्या मागचा भराव उघडा.